उद्याने का बदलतात?

जत्रेतील फिरता पाळणा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. पाळणेवाला आज एका गावी मुक्काम करतो, उद्या सामान उचलून दुसऱ्या गावी जातो. त्याचा पाळणा तोच, घोडे तेच, तरीही वर्षानुवर्षे त्याचा चरितार्थ चालतो. कारण पाहणारे दरवेळी नवे असतात. परंतु ज्या उद्यानाचे यंत्र काँक्रीटच्या पायात रोवलेले आहे, त्याला गाव बदलता येत नाही. पाहुणे पुन्हा यावेत अशी इच्छा असेल, तर त्याला स्वतःच बदलावे लागते. थीम पार्क नावाच्या आधुनिक उद्योगाचे सारे मर्म आमच्या मते या एका वाक्यात आहे.

याचे उदाहरण पाहण्यास दूर जावयास नको. आपल्या खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ, चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीने सन २०१३ मध्ये इमॅजिका हे उद्यान उघडले. मुंबई व पुणे ही दोन महानगरे जोडणारा द्रुतगती मार्ग जवळ असल्याने दोन्हीकडील कुटुंबे सकाळी निघून रात्री घरी परतू शकतील, असा जागा निवडण्यामागचा हिशेब सहज दिसतो. पुढे सन २०१४ मध्ये त्यास जलोद्यानाची जोड मिळाली, सन २०१५ मध्ये हॉटेल झाले, आणि सन २०१६ मध्ये बंद इमारतीतील हिमोद्यान सुरू झाले.

या प्रत्येक भरीमागील कारण शोधणे हा बुद्धीस चांगला व्यायाम आहे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे अंगाची लाही होते. तेव्हा उंच रोलर कोस्टरपेक्षा पाणी अधिक गोड वाटते. आषाढात सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस मुसळधार कोसळतो. अशा वेळी छताखालील करमणूकच उपयोगी पडते. जो पाहुणा रात्री राहतो तो दुसऱ्या दिवशीही जेवतो, खेळतो व खर्च करतो, म्हणून हॉटेल. सारांश, उद्यानाने ऋतू आणि माणूस या दोघांचाही स्वभाव ओळखावयाचा असतो.

आता जमाखर्चाकडे पाहू. पाळण्यात दहा माणसे बसोत वा हजार, यंत्राची तपासणी चुकत नाही, वीज लागते, सेवकांचे पगार द्यावेच लागतात. रविवारी दारात रांग असते, मंगळवारी अंगण ओस पडते. यावर उपाय म्हणून अशी उद्याने सुटीच्या व कामाच्या दिवसांचे दर निरनिराळे ठेवतात, आणि शाळांच्या सहलींना सवलत देतात. तुमची सहल बहुधा आठवड्याच्या मधल्या वारी का ठरते, याचे एक कारण यात सापडेल!

तथापि नवे काही उभारण्यास भांडवल लागते, व भांडवल कर्जाने आणले तर पाहुणे आले नाहीत तरी व्याज येतच राहते. इमॅजिकावरील कर्ज एक हजार कोटी रुपयांहून अधिक झाले होते. त्यातच सन २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभरच्या उद्यानांची दारे बंद झाली. अखेर सन २०२२ मध्ये कर्जाची तडजोड होऊन कंपनीची सूत्रे संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. शिर्डी व लोणावळा येथील जलोद्याने चालविण्याचा अनुभव या समूहाच्या गाठीशी होता. कल्पना उत्तम असूनही हिशेब बिघडू शकतो, हा धडा पालकवर्गासही मननीय वाटेल.

सर्वच बदल खर्चाचे असतात असे मात्र नाही. अमेरिकेतील डिस्नेलँड सन १९५५ मध्ये सुरू झाले. तेथील पाणबुडीची सफर सन १९९८ मध्ये बंद पडली, आणि सन २००७ मध्ये तेच तळे ‘निमो’ नावाच्या माशाच्या चित्रपटकथेसह पुन्हा खुले झाले. तळे जुने, गोष्ट मात्र नवी! इमॅजिकामधील एक सफर ‘मिस्टर इंडिया’ या सन १९८७ च्या चित्रपटावर बेतली होती. आईबाप त्या नावाने हरखतात. पण चित्रपट न पाहिलेल्या मुलास त्यात काय गवसेल? पिढी बदलली की गोष्टही बदलावी लागते, ती यामुळेच.

येथे आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यातील माथेरानचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. सन १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हे ठिकाण प्रसिद्धीस आणले, आणि सन १९०७ मध्ये नेरळहून झुकझुक गाडी वर चढू लागली. तेथे मोटारींना मज्जाव आहे. झाडी, तांबडी वाट व शांतता हेच तेथील वैभव. जे उद्यानास मारक तेच माथेरानास तारक: तेथे लोक पुनःपुन्हा जातात ते काही बदललेले नसते म्हणून! तरीही माथेरान अगदी स्थिर आहे असे नव्हे. माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षांचे कष्ट पाहून, सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने सन २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. झाडी राखून कष्ट हलके करणे, हा बदल आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

बदलावे की न बदलावे, हा खरा प्रश्न नव्हे. काय बदलावे व काय जपावे, हे ओळखण्यातच शहाणपण आहे. पाहुण्यांची सुरक्षितता, सेवकांचा योग्य मोबदला आणि भोवतालच्या गावांचे पाणी व झाडी ही नफ्यासाठी बदलावयाची वस्तू नव्हे. रंग, गोष्ट व दर खुशाल बदलावेत. पुढील सहलीस जाल तेव्हा पाळण्यात मनसोक्त बसा. परंतु उतरल्यावर क्षणभर थांबून पाहा, की येथे नवे काय आले, जुने काय गेले, आणि ते कोणासाठी. असे पाहण्याची सवय लागली, म्हणजे करमणुकीचा दिवसही अभ्यासाचा होतो.