शाळेचा ठराव पडला, आता काय?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत संगणक शिकवणाऱ्या ताईंचं मानधन ग्रामपंचायत देत असे. यंदा ग्रामसभेत तो ठराव नामंजूर झाला, वर्ग बंद पडला. काही करता येईल का?
– एक पालक, पारनेर तालुका

उत्तर : नक्की येईल. आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) इतिवृत्ताची प्रत घ्या. ठराव मतांनी पडला की कोरमअभावी सभाच तहकूब झाली, हे त्यातून कळेल. कोरमसाठी 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. तहकूब सभेला ही अट नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. आयांनी हा विषय तिथं लावून धरावा; माझ्या मते खरं बळ तिथंच आहे.

नुसत्या विनंतीवर भागणार नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळा विकास आराखडा हीच समिती करते. त्यात वर्षाचं मानधन, पटसंख्या, बुडालेले तास स्पष्ट लिहा आणि हा खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात धरायला लावा. तुमच्याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीनं श्रमदानातून शाळा उभी केली, हे सभेत जरूर सांगा. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी सरपंचांना आजच लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.