सुट्टीतील चुटके आणि मुलांचे वाचन

दिवाळीच्या सुट्टीत मुलांकडून काय वाचून घ्यावे, असे पहिली-दुसरीचे पालक आम्हाला नेहमी विचारतात. आमचे उत्तर ऐकून काहींना नवल वाटेल. पाठ्यपुस्तक थोडे दिवस बाजूला ठेवा आणि मुलाला रोज एक चुटका वाचायला द्या.

आधी अडचण काय आहे ते सांगतो. आपल्या मुलांच्या कानांवर घरात मराठी पडते, पण डोळ्यांना ती फारशी दिसत नाही. फूलबागेतून घरी जाताना वाटेतल्या पाट्या हिंदी नाहीतर इंग्रजी. लिपी एकच असल्याने मूल मराठी वाचू लागते खरे, पण हिंदीच्या सवयीने. 'दिवाळी'ची 'दिवाली' होते, 'फराळ'चा 'फराल'. 'चकली'तला च 'चिवड्या'तल्या चसारखाच उच्चारला जातो. 'दुसऱ्या' या शब्दापाशी तर गाडी थांबतेच. एकेक अक्षर जोडत मूल वाक्याच्या शेवटी पोहोचते तोवर सुरुवात विसरलेले असते. आजीशी तासभर मराठीत गप्पा मारणाऱ्या मुलाला आजीचे चार ओळींचे पत्र वाचता येत नाही, हे आम्हाला बोचते.

लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९७४ साली याचे कारण मांडले. मनाचे लक्ष मर्यादित असते. ते सगळे अक्षरे ओळखण्यात खर्च झाले की अर्थासाठी काही उरत नाही. पुढे १९७९ साली सॅम्युअल्स यांनी उपाय सांगितला, तो म्हणजे छोटा उतारा सहज वाचता येईपर्यंत पुनःपुन्हा वाचणे. उपाय साधा आहे, पण एकच धडा पाचव्यांदा वाचायला कोणते मूल तयार होते?

चुटका मात्र ते आनंदाने वाचते. आईला वाचून दाखवते, मग आजोबांना, मग भाऊबीजेला आलेल्या आत्याला. प्रत्येक श्रोता नवा, म्हणून वाचणाराही कंटाळत नाही. हा घ्या नमुना:

चकली शाळेत उशिरा का आली?
वाटेत वळणं फार होती!

किंवा हा:

"करंजीच्या पोटात काय असतं?"
"सारण."
"आणि बंडूच्या पोटात?"
"करंजी!"

मोठ्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही, सहा वर्षांच्या मुलाला वाटते. पहिल्यात 'ळ' आपोआप घोटला जातो. दुसऱ्यात प्रश्न प्रश्नासारखा वाचावा लागतो आणि शेवटच्या शब्दाआधी थोडे थांबावे लागते. थांबले नाही तर कोणी हसत नाही. वाचनात कुठे चुकले हे मुलाला श्रोत्याच्या चेहऱ्यावरूनच कळते, लाल शाईची गरज पडत नाही.

आणि हा खास ग्वाल्हेरच्या घरांसाठी:

"आजी, लाडवांचा डबा कुठे आहे?"
"डबा खाली आहे."
"खाली आहे? मग भर ना!"

मराठीत 'खाली' म्हणजे खालच्या बाजूला, हिंदीत रिकामे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे या बंडूचे दुःख आम्हाला चांगले ठाऊक आहे! 'शिक्षा', 'राग', 'चेष्टा' या शब्दांवरही असे चुटके घरीच तयार करता येतील. जो मुलगा अर्थ समजून वाचतो, त्यालाच यात हसू येते.

दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. तिसऱ्या वाचनापर्यंत मुलाला चुटका पाठ होतो आणि डोळे कागदावरून उडतात. तेव्हा एखादा शब्द बदलून नवी चिठ्ठी लिहावी. बंडूच्या जागी मामा, लाडवांच्या जागी शंकरपाळे. मूल वाचत असताना मधेच चूक दुरुस्त करू नये, शेवटपर्यंत ऐकून मग आपण एकदा नीट वाचून दाखवावे. कोणाच्या जातीवर, प्रांतावर, शरीरावर किंवा तोतरेपणावर केलेले विनोद मात्र मुळीच नकोत.

२०२१ च्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते योग्यच आहे, पण सुट्टीत घरी कोणी घड्याळ लावून बसू नये. 'खेळण्यात वेळ जाईल' असे काही पालक म्हणतील. रोजची दहा मिनिटे पुरतात. मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे अंक आहेत. हे मासिक १९७१ पासून निघते.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी प्रार्थना झाल्यावर पहिली-दुसरीच्या प्रत्येक मुलाने एक चुटका कागदावरून वाचून दाखवायचा आहे. कागद मोठ्यांनी लिहिलेला चालेल, पण अक्षर टपोरे असावे. विश्वस्त मंडळींनाही त्या दिवशी ऐकायला येण्याचे निमंत्रण आहे.