बिनतारी जोडणी : यंत्र कायदेशीर, पण अँटेना?

सफाळे स्टेशनाजवळचे आमचे कापडाचे दुकान व गावाबाहेरचे गोदाम यांत केबल टाकण्याचा खर्च वाचावा म्हणून आम्ही बिनतारी जोडणी करण्याचे ठरविले. विक्रेत्याने 100 मिलिवॉटचे यंत्र, 24 डेसिबलची मोठी जाळीदार अँटेना आणि गोदामाच्या छतावर 10 मीटरचा पाइप सुचविला. ‘लायसन लागत नाही,’ असेही सांगितले. आम्ही विसार देऊन मोकळे झालो. नंतर समजले की ते बोलणे अर्धेच खरे होते.

1933 च्या कायद्याने बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगण्यासही परवाना लागे. केंद्र सरकारने 28 जानेवारी 2005 च्या नियमांनी 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात सूट दिली. मात्र ती अटींवर. यंत्राची शक्ती 1 वॉटपर्यंत, अँटेनातून प्रसारित होणारी शक्ती 4 वॉटपर्यंत, आणि अँटेना इमारतीच्या छतापासून 5 मीटरच्या आत. 2018 साली 5 गिगाहर्ट्झचे पट्टेही खुले झाले. त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत.

आता हिशेब पाहा. अँटेना वीज निर्माण करीत नाही. बॅटरीच्या दिव्यामागील वाटीप्रमाणे ती शक्ती एका दिशेला गोळा करते. 6 डेसिबल म्हणजे सुमारे चौपट, 24 डेसिबल म्हणजे सुमारे 250 पट. आमचे यंत्र 0.1 वॉटचे, 250 ने गुणले की 25 वॉट! मर्यादा 4 ची. यंत्र नियमात, पण अँटेना जोडताच सारे नियमाबाहेर. पाइपची उंचीही दुप्पट.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. दिल्लीच्या डब्ल्यूपीसी विभागाची ‘इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल’ म्हणजे ईटीए ही मंजुरी यंत्राच्या ठराविक मॉडेलला, चाचणी अहवालावरून मिळते. ती घेणे उत्पादकाचे किंवा आयातदाराचे काम. पण पाहून घेणे गिऱ्हाइकाच्या हिताचे.

व्यापारी व कारागीर बंधूंनी खरेदीपूर्वी एवढे करावे :

1) ईटीएची प्रत मागून तिच्यावरील मॉडेल यंत्रावरील मॉडेलशी ताडून पाहावे.

2) त्याच उत्पादकाने त्या यंत्रासाठी दिलेली अँटेनाच घ्यावी.

3) यंत्राची शक्ती व अँटेनाचे डेसिबल बिलावर लिहून घ्यावेत.

4) ही सूट सामायिक वापराची आहे. शेजाऱ्याच्या यंत्राचा अडथळा आला तरी संरक्षण मिळत नाही. आपल्यामुळे दुसऱ्याला अडथळा होऊ देणेही चालत नाही.

आम्ही ती ऑर्डर रद्द केली. विसार गेला. मग त्याच शक्तीच्या यंत्राला 15 डेसिबलची, त्याच कंपनीची अँटेना घेतली. 15 डेसिबल म्हणजे सुमारे 32 पट, एकूण 3.2 वॉट. मध्ये आडवी येणारी झाडाची एक फांदी मालकाला विचारून छाटली आणि जोडणी चालू झाली. कापड घेताना आपण पन्हा मोजून घेतो. अँटेनाही तशीच मोजून घ्यावी.