पाटावरचा हत्ती आणि झाकलेला डबा

प्रश्न : नात दुसरीत आहे. तिच्या शाळेत नवरात्रात भोंडला झाला. घरी आल्यावर तिने विचारलं, ‘आजी, पाटावर हत्तीच का काढतात? खिरापत ओळखेपर्यंत डबा का उघडत नाहीत? आणि आमच्या वर्गातले मुलगे फेरात का नव्हते?’ मी लहानपणी इतका भोंडला खेळले, पण उत्तर सुचेना. तुम्ही सांगाल का?
– एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, नातीचे तिन्ही प्रश्न फार चांगले आहेत. पहिल्याचं उत्तर शेतात आहे, दुसऱ्याचं स्वयंपाकघरात आणि तिसऱ्याचं जुन्या घरांच्या माजघरात.

आधी हत्ती. आपल्याकडे शेतकरी पाऊस महिन्यांवर मोजत नाही, नक्षत्रांवर मोजतो. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृगापासून सुरू झालेली ही मोजणी २७ सप्टेंबरच्या आसपास हस्तापर्यंत येते आणि १० ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य पुढे चित्रा नक्षत्रात जातो. नक्षत्राचं नाव हस्त, लोकांच्या तोंडी तो झाला ‘हत्तीचा पाऊस’. दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन, मग काळेभोर ढग, आणि संध्याकाळी असा गडगडाट की पोरं आईला बिलगतात. हा परतीच्या वाटेवरचा पाऊस. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखा पाहिल्या, तर मोसमी पाऊस मुंबईतून निघण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे ऐन हस्तातच. विहिरी तुडुंब होतात, काळ्या रानात ओल धरते आणि त्या ओलीवर शाळू-हरभऱ्याची पेरणी होते. वर्षाची भाकरी ज्या पावसावर ठरते त्याला पाटावर बसवून लेकी त्याच्याभोवती फेर धरतात. सशाला हे काम जमलं नसतं, असं नातीला बेलाशक सांगा.

गजलक्ष्मीच्या चित्रात लक्ष्मीवर पाणी ओतणारे दोन हत्ती तुम्ही पाहिले असतील. हत्ती, पाणी आणि समृद्धी ही सांगड फार जुनी आहे. कोल्हापूर-सातारा भागात याच खेळाला हादगा म्हणतात. तिथे समोरासमोर उभ्या दोन हत्तींचं चित्र भिंतीवर लावतात, त्याला फळांची माळ घालतात आणि सोळा दिवस खेळतात. पुण्या-नाशकाकडे नवरात्राचे नऊ दिवस धरायची पद्धत रुळली. आता यात एक गंमत आहे. हस्त सूर्यावर चालतो आणि नवरात्र चंद्रावर, त्यामुळे दोघांची गाठ दर वर्षी पडतेच असं नाही. २०२३ मध्ये घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती, तेव्हा हस्त संपूनही गेला होता. २०२५ मध्ये ती २२ सप्टेंबरला आली, म्हणजे हत्ती यायच्या आधीच फेर सुरू झाले. खानदेश-विदर्भात याच दिवसांत भुलाबाई बसते. तिथे हत्ती नसतो. भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात आणि भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गाणी चालतात. खिरापत मात्र तिकडेही आहेच.

खिरापतीकडे वळू. पूजा म्हणावी तर भोंडल्यात भटजी नाहीत, मंत्र नाहीत, उपासाची अट नाही. गणेशाच्या गाण्याने सुरुवात करायची, फेर धरायचा आणि शेवटी डबा. घरच्या भोंडल्यात पहिल्या दिवशी एक पदार्थ, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, अशी चढती भाजणी असे. नऊ दिवसांचे मिळून पंचेचाळीस पदार्थ होतात, सोळा दिवसांचे एकशे छत्तीस. ही बेरीज नातीकडून करून घ्या. गणिताच्या वहीतल्या उदाहरणांपेक्षा ती तिला गोड लागेल. एवढे पदार्थ एका घराला कसे झेपणार? म्हणून भोंडला गल्लीभर फिरायचा. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. गरिबाघरचे फुटाणेही चालत आणि सधन घरच्या साटोऱ्याही, कारण खरा मान पदार्थाला नव्हता, तो न ओळखता येण्याला होता. ज्या घरची खिरापत कुणालाच ओळखता आली नाही त्या घरच्या मुलीचा चेहरा बघावा!

झाकण न उघडण्याचं कारण हे एवढंच आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं. मुली डबा कानाशी धरून हलवतात. खुळखुळलं तर फुटाणे, चुरमुरे, शंकरपाळे. आवाज नाही तर शिरा, वाटली डाळ, उसळ. मग विचारणा सुरू होते : गोड की तिखट? तळलेलं की वाफवलेलं? हुशार आया वाजणाऱ्या पदार्थाखाली कापड घालून डबा मुका करतात. अलीकडे काही ठिकाणी खिरापतीचं बंद पाकीट हातात देऊन मोकळं होतात, ते मला मनापासून खटकतं. पदार्थ दुकानातून आणला तरी हरकत नाही, पण ओळखायला लावा. नाहीतर भोंडल्यातला अर्धा आनंद आपण मुलांच्या हातून काढून घेतो.

आता मुलगे. भोंडल्याची गाणी ऐकली तर त्यांत सासू आहे, नणंद आहे, वेडा नवरा आहे, माहेरची वाट आहे. ही गाणी तयार झाली तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्नं होत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं, तेही फक्त १४. अशा कोवळ्या सुनांना वर्षातून काही दिवस एकमेकींचे हात धरून सासरची थट्टा मोठ्याने गाता यायची, आणि सण असल्यामुळे कुणी रागवायचं नाही. तो फेर त्यांचा स्वतःचा होता. मुलगे हत्ती काढायला मदत करत आणि खिरापतीला हजर होत.

आज ते कारण उरलेलं नाही. शाळेच्या मैदानावर मुलग्यांनी फेर धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि काही शाळांत तसं होऊही लागलं आहे. माहेरी निघालेल्या सुनेला सासू कारल्याचं बी लावण्यापासून एकेक काम सांगत अडवते, ते गाणं मुलग्यांनीही तोंडपाठ म्हणावं. दुसरीत त्याची फक्त गंमत वाटेल. अर्थ मोठेपणी उलगडेल, तोवर चाल डोक्यात पक्की बसलेली असेल. शाळेत भोंडला एकाच दिवशी झाला याचंही वाईट वाटून घेऊ नका. उरलेले दिवस घरी करा. चार मुलं, एक पाट आणि मूठभर तांदूळ पुरतात. तांदळाने हत्ती काढायला रांगोळीपेक्षा सोपं जातं, सोंड बिघडली तर बोटाने सरकवता येते.

प्रश्न : दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन झालं आणि आम्ही एकमेकांना सोनं दिलं. बाई म्हणाल्या, यातली बरीच पानं आपट्याची नाहीत, कांचनाची आहेत. कसं ओळखायचं?
– इयत्ता सहावी, सोलापूर

उत्तर : तुझ्या बाईंची नजर तीक्ष्ण आहे. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोघांचीही पानं मधे चिरलेली, म्हणून बाजारात सर्रास गल्लत होते. आपट्याचं पान लहान, जाड आणि खरखरीत असतं, आणि बहुधा लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं पान मोठं, पातळ आणि मऊ. आणखी एक पक्की खूण सांगतो. गुलाबी-जांभळा कांचन नेमका दसऱ्याच्या सुमारास फुलतो. आपट्याची फुलं बारीक, फिकट पिवळसर, आणि ती उन्हाळ्यात येतात. तेव्हा सोन्याच्या फांदीला गुलाबी कळी दिसली की समज, हा कांचन.

सोन्याची गोष्टही विद्यार्थ्याचीच आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणा द्यायचीच म्हणून हटून बसला, तेव्हा गुरूंनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला. राजाने नुकताच यज्ञात खजिना रिता केला होता, म्हणून तो कुबेरावर चालून जायला निघाला, आणि कुबेराने रातोरात सोनं पाठवलं. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात हे सोनं राजाच्या कोशागारात पडतं, लोककथेत ते आपट्याच्या झाडावर पडतं. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतले, उरलेल्याला हात लावला नाही.

आपट्याच्या पानांच्या विड्या वळतात, सालीच्या दोऱ्या करतात, म्हणजे दसरा सोडूनही या झाडाला माणसांचा जाच पुष्कळ. बाजारात मात्र एकेका जुडीसाठी अख्खी फांदी तोडलेली असते. पुढच्या वर्षी वर्गात सगळ्यांनी मिळून एकच जुडी आणा आणि प्रत्येकाला एकेक पान द्या. शाळेच्या आवारात जागा असेल तर बाईंना विचारून पावसाळ्यात आपट्याचं रोप लावा, पानं ओळखायची परीक्षा मग रोजच देता येईल.