करंगळीवरचा भार

शास्त्रीनगर, अड्यार,
चेन्नई

चि. सोनू यास,


तुझा निरोप ऐकला. खेळून उठलास की डाव्या मनगटाला करंगळीच्या बाजूने कळ येते, रात्री करंगळी आखडते, आणि म्हणून कीबोर्ड सोडून एका हाताचा गेमिंग कीपॅड घ्यावा असं तुझ्या मनात आलंय. ताईचं म्हणणं, दुखतंय तर खेळूच नकोस. तू मला विचारलंस, कारण दुखऱ्या हातांना पुन्हा कामाला लावणं हेच माझं काम. माझं उत्तर आधीच सांगते: घे. पण तो कशासाठी हवाय हे ठरवून घे, आणि घेतल्यावर काही आठवडे हरायची तयारी ठेव. नवं यंत्र बटणांच्या जागा बदलेल. हाताची सवय तुलाच बदलावी लागेल.

आधी का दुखतंय ते समजून घे. तुझा कीबोर्ड दोन हातांनी लिहिण्यासाठी घडलाय. १८७० च्या दशकात शोल्सचा टाइपरायटर आला तेव्हा प्रत्येक बटणाखालून एक दांडी मागे जायची, म्हणून बटणांच्या ओळी एकीखाली एक सरळ न ठेवता थोड्या सरकवल्या. दांड्या कधीच गेल्या, सरकलेल्या ओळी राहिल्या. वर जाताना त्या डावीकडे झुकतात. उजवा हात उजवीकडून तिरका येतो, त्यामुळे त्याला हा कल मानवतो. डावा हात येतो उलट्या दिशेने, आणि ओळींशी जुळवून घ्यायला त्याला मनगटातून करंगळीकडे वाकावं लागतं. तुमच्यातले कितीतरी चांगले खेळाडू कीबोर्ड टेबलावर तिरपा करून ठेवतात. हात आपली वाट शोधत असतो, दुसरं काही नाही.

त्यात तुमची डब्ल्यू-ए-एस-डीने चालायची पद्धत. १९९७ मध्ये डेनिस फाँग, म्हणजे थ्रेश, 'क्वेक'च्या स्पर्धेत तो खेळ घडवणाऱ्या जॉन कारमॅकची फेरारी जिंकला. त्याची बोटं या चार बटणांवर असायची, आणि ती मांडणी रूढ व्हायला त्याचं यश फार उपयोगी पडलं. तीन बोटं तिथे गुंतली की धावायचं शिफ्ट आणि खाली वाकायचं कंट्रोल उरतं करंगळीला. ही बटणं नुसती दाबायची नसतात, दाबून धरायची असतात. हाताला टकटक एक वेळ सोसते, दाबून धरणं फार काळ सोसत नाही. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली, पुढच्या हातात असतात, आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात. मनगट वाकडं ठेवून करंगळी ताणून धरलीस की त्या दोऱ्या वळणावर घासत राहतात. तुझं दुखणं मला बहुतेक इथलं वाटतं. प्रत्यक्ष हात पाहिल्याशिवाय यापुढे बोलणार नाही.

आता कीपॅड. एका हाताने बटणं आणि दुसऱ्या हाताने माऊस ही कल्पना गेमवाल्यांची नाही. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने जगाला माऊस दाखवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताखाली पाच बटणांची एक छोटी पट्टी होती. पियानोचे सूर एकत्र दाबावेत तशी ती दाबून अक्षरं उमटत. माऊस घरोघरी गेला, ती पट्टी मागे पडली. कारण साधं होतं: ती शिकावी लागायची. कीबोर्ड बघत बघत एका बोटाने तरी चालवता येतो, या पट्टीवर पहिल्या दिवशी काहीच जमत नाही. तुझा कीपॅड तितका कठीण नाही, पण पहिल्या दिवशीचं हताशपण तेच असेल.

त्याचे फायदे मला तीन दिसतात. बटणं बोटांच्या रेषेत उभ्या रांगांनी असतात, त्यामुळे मनगट वाकवावं लागत नाही. त्याला जागा कमी लागते, म्हणून माऊस अंगाजवळ येतो आणि कीपॅडही खांद्याच्या सरळ रेषेत ठेवता येतो. हा फायदा मी फार मोठा मानते, कारण हात अंगापासून लांब गेले की अर्धं दुखणं तिथूनच सुरू होतं. आणि अंगठा कामाला लागतो. कीबोर्डवर आपला सर्वांत बळकट गडी नुसता स्पेसबारवर बसलेला असतो. रेझरच्या टार्टरससारख्या कीपॅडवर त्याच्यापाशी आठ दिशांचं बटण येतं. लाटव्हियातल्या अझेरॉनवर छोटी जॉयस्टिक येते, शिवाय प्रत्येक बोटाची बटणं त्या बोटाच्या लांबीप्रमाणे पुढेमागे करता येतात.

इथेच तुला थांबवते. करंगळीचा भार काढून सगळाच्या सगळा अंगठ्यावर टाकलास तर दुखणं फक्त जागा बदलेल. अंगठ्याच्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद म्यानातून जातात. तिथे सूज आली की साधा कप उचलतानाही कळ येते. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेनने १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, आज ते त्याच्याच नावाने ओळखतात. बाळाला सतत उचलून घेणाऱ्या आया माझ्याकडे हे दुखणं घेऊन येतात, आणि आता दिवसभर मोबाइलवर अंगठा चालवणारेही येतात. तेव्हा अंगठ्याला चालणं दे किंवा धावणं-वाकणं दे, दोन्ही देऊ नकोस. माझं मत विचारशील तर चालणं बोटांकडेच राहू दे आणि फक्त शिफ्ट-कंट्रोल अंगठ्याला दे. खेळाच्या सेटिंगमध्ये धावणं 'दाबून धरा' ऐवजी 'एकदा दाबा' असं करता येत असेल तर ते आजच कर. त्याला पैसेही लागत नाहीत. कदाचित त्यानेच इतका आराम पडेल की कीपॅडची घाई उरणार नाही.

दुसरा धोका कीपॅडच्या गुबगुबीत तळहात-टेकूचा. करंगळीकडच्या तळहाताच्या टाचेतून एक नस जाते, करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची जाणीव तिच्याकडे असते. सायकलच्या हँडलवर तासन्‌तास भार देणाऱ्यांची तीच नस दबते. टेकू श्वास घ्यायला आहे, हाताचं ओझं टाकायला नाही. खेळ ऐन रंगात असताना हात त्यावर हलका असायला हवा. इकडे आमच्याकडे घामाने रेक्झीन बारा महिने चिकट असतं, म्हणून मी त्यावर सुती रुमाल घालायला सांगते. तिकडे पुण्यात तू उन्हाळ्यापुरता घाल.

विकत घेताना आधी हात ठेवून बघ. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा आमच्या रिची स्ट्रीटला कीबोर्डांचा ढीग असतो, असे कीपॅड मात्र क्वचितच दिसतात. ऑनलाइनच घ्यावा लागला तर परत करता येईल असाच घे. हात मोकळा टेकव, बोटं किंचित वाकलेली ठेव. सर्वांत लांबच्या बटणासाठी करंगळी सरळ ताणावी लागली किंवा तळहात उचलावा लागला तर तो तुझ्या मापाचा नाही, मग कितीही चांगला असो. तू माऊस उजव्या हाताने धरतोस म्हणून तुला बरं, बाजारातले बहुतेक कीपॅड डाव्या हातासाठीच असतात. आणि बटणांची मांडणी उपकरणात साठते की फक्त संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये, तेही बघून घे. नाहीतर मित्राच्या मशीनवर बसलास की सगळं विसरलेलं.

मापाबद्दल मी इतकी हट्टी का, तेही सांगते. इथे कोट्टूरपुरमला 'विद्यासागर' ही संस्था आहे. १९८५ मध्ये पूनम नटराजन यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ती सुरू केली. आयआयटी मद्रासचा माजी विद्यार्थी अजित नारायणन याने बोलता न येणाऱ्यांसाठी 'आवाज' हे साधन केलं, ते या संस्थेतल्या मुलांच्या आणि शिक्षकांच्या सोबतीने. अशा मुलांपैकी कुणाला एकच मोठं बटण लागतं, कुणाला कीबोर्डवर भोकांची पट्टी बसवून द्यावी लागते, म्हणजे शेजारचं बटण चुकून दाबलं जात नाही. कुणी डोक्याने दाबतं, कुणी गुडघ्याने. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी जो अनुकूल कंट्रोलर काढला त्याला मागे १९ जॅक दिलेत ते याचसाठी, ज्याला जे बटण सोयीचं ते जोडता यावं म्हणून. या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की आधी माणूस बघायचा, मग साधन. तुझ्या धडधाकट हाताचाही हा हक्क आहे. जाहिरातीत कोण कुठलं यंत्र वापरतो त्याने तुझ्या करंगळीची लांबी बदलत नाही.

शिकण्याचं म्हणशील, तर इथून जवळच थिरुवान्मियूरला कलाक्षेत्र आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ते १९३६ मध्ये अड्यारलाच सुरू केलं, १९६२ मध्ये ते आताच्या जागी गेलं. भरतनाट्यम शिकणारी मुलं अडवू, म्हणजे नाचाच्या मूळ हालचाली, तीन काळांत घोटतात: आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. पहिल्या काळात कोपर, मनगट, नजर जागेवर आल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. या नाचाला आजची बांधणी देणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांच्या दरबारात वाढले, तेव्हा ही शिस्त तुला परकी वाटायचं कारण नाही. तूही तसंच कर. सुरुवातीला जुनीच मांडणी कीपॅडवर जशीच्या तशी ठेव, एकही बटण हलवू नकोस. जिथे हरण्या-जिंकण्याला अर्थ नाही अशा सरावाच्या मैदानात नुसता चाल, वळ, थांब. नवं उपकरण हाती आलं की माणूस ते आवळून धरतो. मध्येच थांबून बघ, खांदा वर चढलाय का, जबडा आवळलाय का. हात आपोआप चालायला लागला की शिफ्ट अंगठ्याकडे दे. त्याचा विचार करावा लागेनासा झाला की मग कंट्रोल. दोन बदल एकदम केलेस तर दुखणं कशाने कमी झालं किंवा वाढलं हे तुलाच कळणार नाही. या काळात रँक घसरेल. मित्र म्हणतील, महत्त्वाच्या सामन्यापुरता जुन्यावर ये. येऊ नकोस. त्या एका सामन्याच्या ताणात जुनी पकड पुन्हा घट्ट बसते, आणि हात दोन्हीकडून अर्धवट राहतो.

एका बटणात चार हालचाली भरायच्या सोयीच्या नादी लागू नकोस. ऑगस्ट २०२४ पासून 'काउंटर-स्ट्राइक २'च्या अधिकृत सर्व्हरवर असल्या आपोआप हालचाली पकडल्या की खेळाडूला सामन्यातून बाहेर काढतात. एक बटण, एक हालचाल.

आणि कीबोर्ड माळ्यावर टाकू नकोस. कोड लिहायला तो लागेलच, पण मला काळजी तुझ्या मराठीची आहे. तू इनस्क्रिप्ट शिकलास याचा मला फार आनंद झाला होता. १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या त्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आहेत, बहुतेक व्यंजनं उजव्या. इथे तमिळनाडूत १९९९ मध्ये सरकारने स्वीकारलेली तमिळ ९९ मांडणीही अशीच आहे, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. दोन्ही हात आळीपाळीने चालतात, कुणा एकावर ओझं येत नाही. खेळणारा हात आणि लिहिणारा हात यांच्या जागा वेगळ्या असू देत. खेळताना कीपॅड पुढे आण आणि कीबोर्ड बाजूला कर, लिहिताना उलट. वाजवणारी माणसं दोन वाद्यं शिकतात आणि घोटाळा करत नाहीत, तुलाही जमेल.

इतकं करूनही करंगळीला मुंग्या येत राहिल्या, सकाळी उठल्यावर बधिरपणा असला, पेन किंवा पेला हातातून निसटू लागला, तर कीपॅडचा विचार सोड आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञाला हात दाखव. कोपराच्या मागे, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात, तिथेही करंगळीची तीच नस दबू शकते. रात्री कोपर पूर्ण दुमडून, हात उशाखाली घेऊन झोपत असशील तर ते आजपासून बंद. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. हात लवकर दाखवला तर बहुतेक वेळा साधे व्यायाम आणि थोडी विश्रांती पुरते. फार उशिरा आलेल्या मुलांचे हात मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही जागी मला तू नको आहेस.

ताईशी मी बोलते. तिला सांगेन की त्याला खेळू दे, पण दर तासाला उठवून गच्चीवर एक फेरी मारायला लाव. तू तिच्यावर चिडू नकोस.

उपकरण मागवण्याआधी मला दोन फोटो पाठव, एक वरून आणि एक बाजूने, नेहमीसारखा खेळायला बसलेला असताना, मित्राकडून काढून घे. खांदा, कोपर, मनगट आणि बोटं एकाच चौकटीत दिसली पाहिजेत. आणि पट्टीने करंगळीची लांबी मोजून कळव.

तुझी,
मावशी