दोघांचं देणं

चि. आशिष यास,


तुझं पत्र मिळालं. जक्कयावरचा संदेश ऐकल्यापासून गाडी विकावी, फ्लॅटसाठी साठवलेले पैसे देऊन टाकावेत, जमलं तर नोकरीही सोडावी, असं तुझ्या मनात घोळतंय. वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. पत्रभर ‘मी’ आहे, तुझ्या बायकोचं, नेहाचं नाव एकदाही नाही.

जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायचं कबूल केलं, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. प्रभूने त्याच्याकडे बाकीचं निम्मं मागितलं नाही. त्याच्या आधीच्याच अध्यायात मात्र त्या श्रीमंत अधिकाऱ्याला ‘सगळं विक’ म्हणून सांगितलं. आणि लूकच्या 8व्या अध्यायातली योहान्ना, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको, स्वतःच्या पैशातून येशूच्या मंडळींचा खर्च भागवत होती. तिला तर कोणी काही विकायला सांगितल्याचं लिहिलेलं नाही. तेव्हा जक्कयाचा हिशेब तुला जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नकोस.

रेव्हरंड टिळक तुझं दैवत, हे मला ठाऊक आहे. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. मोठं काम. पण त्यांच्या कविता वाचतोस तशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ही वाच. हातात आलेलं टिळक देऊन टाकायचे आणि संध्याकाळी चूल कशी पेटायची याचा घोर बाईंना. त्या हसत हसत सांगतात म्हणून आपणही हसतो. मला वाटतं, त्या दानातला अर्धा वाटा बाईंचा होता, आणि तो देण्याआधी त्यांना विचारलेलं फारसं दिसत नाही.

मार्कचा 7वा अध्याय काढ. आईवडिलांना जे द्यायचं ते देवाला अर्पण केलंय म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभूने चांगलं फैलावर घेतलंय. दादा गेल्यापासून वहिनींची औषधं तुझ्याकडे आहेत. ते पैसे दानाचे नव्हेत.

गाडी विकायची घाई नको. रात्री-अपरात्री शेजाऱ्याला दवाखान्यात जायला किल्ली देऊन बघ. परत आल्यावर दारावर ओरखडा दिसला की पोटात काय होतं ते पाहा. माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. विकून मोकळं होणं त्या मानाने सोपं, वर चार लोक कौतुकही करतात. पगार झाला की दशांश आधी काढा, दोघांनी बसून. त्याहून जास्त द्यावंसं वाटलं तर द्या, पण नेहाच्या पगारावर तू परस्पर उदार होऊ नकोस.

तिला हे पत्र दाखव. तिचं म्हणणं तिलाच लिहू दे, तुझ्या पत्रात एक ओळ घालून भागवू नकोस. कापणीच्या सणाला दोघं या. तिथल्या लिलावात तुझे काका यंदाही एका कोंबड्यासाठी भलतीच बोली लावणार आहेत. त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.

तुझी,
आत्या