मोबाइलवरील संघखेळ : स्पर्धेची पहिली पायरी

पूर्णा-अकोला लोहमार्ग हिंगोली शहराला लागून जातो. या मार्गावर खटकाळी बाह्यवळणाच्या परिसरात मार्च २०१९ मध्ये एके सायंकाळी दोन तरुण रेल्वेगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. गाडी हैदराबादहून अजमेरकडे निघाली होती. दोघेही त्या वेळी मोबाइलवर 'पबजी' हा खेळ खेळण्यात गुंतले होते, अशी माहिती पोलिसांकडून पुढे आली. योगायोग असा की, त्याच महिन्यात हैदराबाद येथे याच खेळाच्या अखिल भारतीय स्पर्धेची अंतिम फेरी पार पडली होती. एक कोटी रुपयांच्या बक्षिसांच्या या स्पर्धेत मुंबईचा नमन माथुर ज्या संघातून खेळत होता, तो 'टीम सोल' हा संघ विजयी ठरला.

खेळ एकच. एका ठिकाणी ठरलेली वेळ, ठरलेली आसने, पंच आणि नियम होते. दुसऱ्या ठिकाणी यांपैकी काहीच नव्हते. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाचही तालुक्यांतील गावोगावी संध्याकाळी पारावर, पुलाच्या कठड्यावर अथवा बंद दुकानाच्या पायरीवर चार-चार मुले मान खाली घालून बसलेली दिसतात. त्यांना हटकणे सोपे असते. परंतु ती काय खेळत आहेत हे शिक्षकाला किंवा सरपंचाला ठाऊक नसेल, तर त्या हटकण्याला मुलांच्या लेखी फारशी किंमत राहात नाही.

खेळ चालतो कसा ?

या प्रकारच्या खेळांत आपल्याकडे सर्वाधिक परिचयाचा आहे तो 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजेच मुलांच्या बोलीतील 'बीजीएमआय'. दक्षिण कोरियातील क्राफ्टन कंपनीने तो जुलै २०२१ मध्ये भारतासाठी उपलब्ध केला. स्पर्धेच्या सामन्यात प्रत्येकी चार खेळाडूंचे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच वेळी उतरतात. सारे जण विमानातून हवाई छत्रीने रिकाम्या हाताने एका बेटावर उतरतात, घराघरांतून शस्त्रे, औषधे व वाहने गोळा करतात आणि मग एकमेकांना गाठतात. 'इरंगेल' हा त्यातील सर्वात जुना नकाशा ८ किलोमीटर लांब व तितकाच रुंद आहे. ठराविक अंतराने सुरक्षित वर्तुळ आकसत जाते. वर्तुळाबाहेर राहणाऱ्याची शक्ती झिजत जाते. त्यामुळे लपून बसण्याला मर्यादा पडते आणि अखेरीस शिल्लक राहिलेले संघ थोड्याशा जागेत समोरासमोर येतात.

वरवर पाहणाऱ्याला ही केवळ गोळीबाराची करमणूक वाटते. गुणपद्धती पाहिली म्हणजे चित्र बदलते. अलीकडील स्पर्धांत सामना जिंकणाऱ्या संघास १० गुण, दुसऱ्यास ६, तिसऱ्यास ५ आणि पुढे उतरत्या क्रमाने आठव्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात. याखेरीज बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे १ गुण मिळतो. सहाव्या क्रमांकाचे २ गुण आणि नऊ प्रतिस्पर्धी बाद केल्याचे ९ असे ११ गुण मिळविणारा संघ, एकही प्रतिस्पर्धी बाद न करता सामना जिंकणाऱ्या संघाच्या पुढे जातो. अनेक सामन्यांची बेरीज करून विजेता ठरतो. साहजिकच कोठे भिडायचे, कोठे वाट सोडायची आणि जखमी होऊन पडलेल्या सोबत्याला उठविण्यासाठी काही सेकंद धोका पत्करायचा की त्याला सोडून पुढे सरकायचे, हा हिशेब सतत करावा लागतो. एकट्याच्या नेमबाजीवर संघ फार दूर जात नाही. कबड्डीत उत्तम चढाई करणारा खेळाडू असूनही पकड ढिली असेल तर जे होते, तेच येथेही होते.

म्हणून संघात कामाची वाटणी असते. एक जण संघनायक; सुरक्षित वर्तुळाचा अंदाज घेऊन मार्ग ठरविणे व आज्ञा देणे हे त्याचे काम. एक किंवा दोघे पुढे घुसणारे, एक मागून आधार देणारा, तर एखादा दुरून नेम धरणारा किंवा पुढची टेहळणी करणारा. संघनायक हा सर्वात चांगला नेमबाज असलाच पाहिजे असे नाही. पुष्कळदा तो नसतोच. नव्या संघांची पहिली चूक येथे होते. ज्याचा मोबाइल सर्वात महाग, तो नायक !

मधेच न थांबणारा सामना

शिक्षक व पालकांनी एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. या खेळाचा पूर्ण सामना सुमारे अर्धा तास चालतो आणि तो मधेच थांबविता येत नाही. बुद्धिबळाचा पट झाकून ठेवता येतो. पत्त्यांचा डाव जेवणासाठी मोडता येतो. येथे उठणारा खेळाडू तीन सोबत्यांना उघड्यावर सोडून जातो. आई जेवायला हाक मारते आणि मुलगा जागचा हलत नाही, त्यामागे उद्दामपणा असेलच असे नाही. त्याचे तीन सोबती त्या क्षणी त्याच्या भरवशावर असतात. 'आत्ताच्या आत्ता बंद कर' या वाक्यावरून घराघरांत होणारे तंटे यातून उद्भवतात. सामना सुरू होण्यापूर्वी 'आज दोनच' असे ठरले, तर ते पाळले जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते.

याच गोष्टीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पावलांचा आवाज कोणत्या बाजूने येतो हे कळण्यासाठी दोन्ही कानांत इअरफोन लागतात. डोळे पडद्यावर, कान बंद, दोन्ही हातांची बोटे गुंतलेली आणि अर्ध्या तासापर्यंत सुटका नाही. अशा अवस्थेतील मनुष्याला मागून येणारी गाडी, ट्रॅक्टर अथवा पायाखालचा विहिरीचा काठ कळणार कसा ? लोहमार्ग, रस्त्याची कड, विहीर, गच्चीचा कठडा या जागा म्हणूनच पूर्णपणे वर्ज्य असाव्यात. पाठीमागे भिंत असलेली, छप्पर असलेली जागा हा या खेळाचा पहिला नियम मानावा. कंपनीच्या नियमावलीत तो नसला तरी हिंगोलीच्या नियमावलीत तो असला पाहिजे.

स्पर्धेकडे वाटचाल

प्रारंभ चार जणांचा संघ कायम करण्यापासून होतो. रोज नव्या अनोळखी सोबत्यांबरोबर खेळणारा मुलगा वर्षभरानेही संघखेळ शिकत नाही. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस आणि सर्वात वर काँकरर अशा खेळातील श्रेणी आहेत. वरची श्रेणी मिळाली म्हणजे स्पर्धेची पात्रता आली, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात श्रेणी ही बव्हंशी किती सामने खेळले यावरही वाढते. सुरक्षित कोपऱ्यात थांबून श्रेणी चढलेला संघ सरावाच्या सामन्यांत पहिल्या दहा मिनिटांत बाद होतो. हे सरावाचे सामने मुलांच्या भाषेत 'स्क्रिम' म्हणून ओळखले जातात; ओळखीचे संघ संकेतशब्द देऊन स्वतंत्र दालनात ते खेळतात. खरे शिक्षण येथे होते.

सरावाचीही रीत आहे. नेम धरण्याची संवेदनशीलता, ज्याला मुले 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात, ती एकदा बसविली की आठवड्याआड बदलू नये. प्रसिद्ध खेळाडूंचे आकडे उतरवून घेण्याची चढाओढ असते. परंतु मोबाइल वेगळा, बोटे वेगळी, तेथे उसने आकडे काय कामाचे? सरावाच्या मैदानात दररोज पंधरा-वीस मिनिटे एकाच बंदुकीचा झटका आवरण्याचा अभ्यास, मग दोन सामने आणि त्यानंतर तितकाच वेळ 'आपण कोठे व का बाद झालो' याची चर्चा. वहीत तारीख, उतरण्याची जागा, क्रमांक आणि बाद होण्याचे कारण एवढी चार टिपणे पुरेशी आहेत. ही वही ठेवणारा संघ महिन्याभरात पुढे जातो. बहुतेक संघ ती ठेवीत नाहीत.

बोलण्याला सर्वाधिक महत्त्व आहे. पडद्याच्या माथ्यावर होकायंत्राची पट्टी असते आणि शत्रूची दिशा अंशांत सांगितली जाते. 'तिकडे, तिकडे' असे ओरडणाऱ्या संघापेक्षा 'दोनशे पंचवीस, झाडामागे एक' असे शांतपणे सांगणारा संघ टिकतो. भूगोलाच्या तासाला २२५ अंश म्हणजे नैर्ऋत्य हे ज्या मुलाला आठवत नाही, तोच संध्याकाळी ते क्षणार्धात सांगतो, याचा उपयोग चतुर शिक्षकाने करून घ्यावा. चौघांनी एकाच वेळी बोलू नये, बाद झालेल्याने मौन पाळावे आणि चुकलेल्या सोबत्याला सामना चालू असताना बोल लावू नये, हे तीन संकेत चांगल्या संघांत कटाक्षाने पाळले जातात. शिवीगाळ हा तर या खेळाला जडलेला मोठा रोग आहे. मुलींना खेळापासून दूर ठेवण्यातही त्याचा मोठा वाटा आहे; एरवी बळाची नव्हे तर चापल्याची कसोटी असलेल्या या खेळात मुलगे व मुली एकाच संघात खेळण्यास काहीच अडचण नाही.

पैसा आणि कायदा

खेळात रोख पैसे देऊन 'यूसी' विकत घेता येते. त्यातून मुख्यत्वे पोशाख व शस्त्रांवरील नक्षी मिळते. नेम सुधारत नाही. वडिलांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मुलाच्या हाती जाणार नाही एवढी दक्षता घरात घेतली पाहिजे. स्वस्तात यूसी देतो, वरच्या श्रेणीचे खाते विकतो असे सांगून फसविणारे पुष्कळ आहेत. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब म्हणजे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा. त्यात ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असा भेद केलेला आहे. कौशल्यावर निकाल ठरणाऱ्या ई-क्रीडेत सहभाग शुल्क व कामगिरीवर आधारित बक्षीस यांना जागा आहे. पैज अथवा डाव यांना नाही. पैशांचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येकाकडून पन्नास रुपये गोळा करून जिंकणाऱ्याला सगळी रक्कम द्यायची, असे 'रूम' चालविणारे तरुण स्पर्धा भरवीत असल्याचे समजतात. गावात असे कोणी करीत असेल तर त्याला वेळीच सावध करणे, हे त्याच्या हिताचे आहे. बक्षीस द्यावयाचे असल्यास ते खेळाडूंच्या पैशातून न देता वर्गणीदाराकडून अथवा मंडळाकडून द्यावे.

केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-क्रीडा हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. हांगझौ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-क्रीडेला प्रथमच पदके होती. तेथे पबजीच्या जातीच्या खेळाची जी आवृत्ती खेळविण्यात आली, तीत प्रतिस्पर्ध्यावर गोळी न झाडता मार्गातील लक्ष्ये भेदावयाची होती. हिंसेवाचून हा खेळ होऊच शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

तरीही उपजीविकेचे स्वप्न मोजून मापूनच पाहिलेले बरे. देशभरातून अंतिम फेरीत पोहोचतात ते १६ संघ, म्हणजे अवघे ६४ खेळाडू. शिवाय हे मैदान परक्याच्या मालकीचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये मोबाइलवर घेण्यास अनुपलब्ध झाला, तो मे २०२३ मध्ये परतला. त्या दहा महिन्यांत व्यावसायिक संघांचेदेखील हाल झाले. कबड्डीचे मैदान असे कोणी एका रात्रीत उचलून नेत नाही. दहावी-बारावी अथवा पोलीस भरतीची तयारी सोडून या मार्गाला लागलेल्या मुलाला हे आकडे व या तारखा दाखवाव्यात. रागावण्यापेक्षा त्या अधिक बोलक्या आहेत. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही लक्षणे दीर्घकाळ, सर्वसाधारणपणे वर्षभर दिसली, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार मानते. अशा वेळी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

गावात प्रारंभ करावयाचा झाल्यास

संपूर्ण अर्ध्या तासाच्या सामन्याने सुरुवात करू नये. याच खेळात चार विरुद्ध चार असा एक छोटा प्रकार आहे. तो जास्तीत जास्त १० मिनिटे चालतो व प्रथम ४० गुण करणारा संघ जिंकतो. चार संघ, बाद पद्धतीने तीन सामने. एका तासात निकाल लागतो. जागा अभ्यासिकेची किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहाची घ्यावी आणि इंटरनेटची गती आदल्या दिवशी पाहून ठेवावी. १८ वर्षांखालील मुलांना खेळातच दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली आहे. वडिलांच्या नावाच्या खात्याने ती चुकविली जाते, म्हणून प्रत्येकाचे खाते त्याच्याच वयाचे असल्याची खात्री करून घ्यावी व पालकांची लेखी संमती ठेवावी. गुण लिहिण्याचे काम न खेळणाऱ्या विद्यार्थ्याकडे द्यावे. सर्वांचे मोबाइल आधी चार्ज करून आणण्यास सांगावे, कारण भिंतीतील एका जोडणीभोवती आठ वायरी लोंबकळू लागल्या की सामन्यापेक्षा तेथेच अधिक धोका असतो. सायंकाळी साडेसहाला आरंभ आणि साडेसातला दार बंद. घरी जाताना मोबाइल खिशात आहेत ना, हे दारात उभे राहून एकदा पाहावे.